कंबरदुखीवरील उष्णतोपचार

कंबरेतील वेदना कमी करण्यासाठी त्वचेवर, स्नायूंवर, तंत्रिकांवर अथवा मणक्यांमधील चकतीत निरनिराळ्या मार्गांनी उष्णता पोहोचविण्याच्या पद्धतींना ‘कंबरदुखीवरील उष्णतोपचार’ असे म्हणतात. शेक व डाग यांसारख्या जुन्या प्रकारांपासून ते सुईच्या वाटेने चकतीत नलिका सरकवून तिचे वलय तापविण्याच्या प्रकारापर्यंत या उपचारांचा विस्तार आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या शेवटच्या प्रकाराचा इतिहास दिला असून जुन्या प्रकारांचा विचार त्याची पार्श्वभूमी म्हणून केला आहे. रोग्यास बरे वाटले एवढ्यावरून उपचार गुणकारी ठरतो काय, हा वैद्यकातील मूलभूत प्रश्न या इतिहासात फार स्पष्टपणे पुढे येतो.

कंबरदुखी हा माणसाला अपंग करणाऱ्या विकारांत जगभर अग्रभागी असलेला विकार होय. २०२० साली जगातील सु. ६१.९ कोटी लोकांना तो जडला होता, असा अंदाज करण्यात आला आहे. २०५० पर्यंत ही संख्या ८४.३ कोटींवर जाण्याचा संभव आहे. वाकून करावयाच्या कामांशी या विकाराचा निकटचा संबंध आढळतो. महाराष्ट्राच्या पूर्व टोकास असलेल्या गोंदिया जिल्ह्यात (स्थापना १९९९, तत्पूर्वी भंडारा जिल्ह्याचा भाग) मुर्री व तिच्यासारख्या अनेक गावांच्या परिसरात धान हे मुख्य पीक आहे. पावसाळ्यात बांध्यांमध्ये चिखलणी झाली की, पऱ्हे उपटून त्यांची रोवणी करतात. हे काम बहुतांशी स्त्रिया करतात व त्यासाठी दिवसाचे अनेक तास कंबरेत वाकून राहावे लागते. स्वीडिश शल्यचिकित्सक आल्फ नाकेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून तेथील दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा पुढे वाकण्याने व वाकून वजन उचलण्याने तो पुष्कळच वाढतो, असे त्यांना आढळून आले. रोवणीच्या हंगामात ‘कंबर धरली’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचा काही अंशी उलगडा या मापनांवरून होतो.

चकतीची रचना : पाठीच्या कण्यातील लागोपाठच्या दोन मणक्यांमध्ये कूर्चेची एक चकती असते. तिलाच व्यवहारात ‘गादी’ म्हणतात. अशा एकूण २३ चकत्या असतात. प्रत्येक चकतीच्या मध्यभागी पाण्याचे भरपूर प्रमाण असलेला मऊ गाभा असून त्याभोवती कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे अनेक पदरी वलय असते. वयोमानानुसार गाभ्यातील पाणी कमी होते व वलयास चिरा पडू लागतात. कंबरेतील सर्वांत खालच्या दोन चकत्यांवर भार अधिक पडत असल्याने त्या बहुधा प्रथम झिजतात. निरोगी चकतीत तंत्रिकातंतू फक्त वलयाच्या बाहेरील भागात असतात. १९९७ मध्ये अँथनी फ्रीमाँट व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, वेदना देणाऱ्या विकृत चकत्यांत हे तंतू चिरांच्या वाटेने आत खोलवर शिरलेले असतात. चकती स्वतःच वेदनेचे मूळ असू शकते या कल्पनेस त्यामुळे बळकटी आली.

प्राचीन व पारंपरिक प्रकार : सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्माचे स्वतंत्र विवेचन आहे. त्वचेसाठी पिंपळी, शेळीची लेंडी, गायीचा दात, बाण व शलाका. मांसासाठी जांबवौष्ठ आणि इतर धातूंची साधने. तर शिरा, स्नायू, सांधे व अस्थी यांसाठी तापविलेला मध, गूळ व स्नेह, अशी दाहसाधनांची वाटणी तेथे केली आहे. दाह योग्य प्रमाणात झाला, कमी झाला किंवा अती झाला, हे ओळखण्याच्या खुणाही दिल्या आहेत. कंबरेपासून पायात उतरणाऱ्या वेदनेस आयुर्वेदात ‘गृध्रसी’ अशी संज्ञा असून चरकसंहितेत तिच्यावर शिरावेध व बस्ती यांबरोबर अग्निकर्म सांगितले आहे. अंदलूसियातील अरब शल्यचिकित्सक अल्-जहरावी (दहावे-अकरावे शतक) यांच्या ग्रंथातही डाग देण्याच्या विविध उपकरणांची चित्रे असून नितंब व कंबर यांच्या वेदनांवर त्यांचा उपयोग सांगितला आहे. चीन व जपान या देशांत दवण्याच्या जातीच्या वनस्पतीची वाळलेली पाने त्वचेवर वा तिच्याजवळ जाळण्याची पद्धत आहे.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तापविलेली वीट, वाळूची पुरचुंडी, निर्गुडीचा पाला व एरंडाचे पान यांचा शेक घराघरांत परिचित आहे. बिब्ब्याचा चटका किंवा तापलेल्या लोखंडाचा डाग देणारे जाणकारही पूर्वी अनेक गावांत असत. अचानक भरलेली उसण पायाळू माणसाच्या पायाच्या स्पर्शाने उतरते, ही समजूत याच वर्तुळातील होय. उसण बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरते. त्यामुळे तिच्यावर केलेला कोणताही उपचार यशस्वी झाल्यासारखा दिसतो. मात्र सौम्य शेकाचा अनुभव केवळ भासमान नव्हे. उष्णतेच्या संवेदनेमुळे मेरुरज्जूच्या पातळीवरच वेदनेच्या संदेशांना काही प्रमाणात अडथळा होतो, असे स्पष्टीकरण रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांच्या १९६५ मधील वेदनाद्वार सिद्धांताच्या आधारे देता येते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर परीक्षणातही नुकत्याच उद्‌भवलेल्या कंबरदुखीत उबदार पट्ट्याने थोडा व अल्पकाळ टिकणारा आराम पडतो, असा निष्कर्ष निघाला. त्वचा भाजणाऱ्या डागाला असा आधार मिळालेला नाही. डागामुळे जखम चिघळण्याचा धोका मात्र असतो.

विजेच्या साहाय्याने शरीरात खोलवर उष्णता निर्माण करण्याचा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खुला झाला. उच्च कंप्रतेचा विद्युत् प्रवाह स्नायूंना झटका न देता शरीरातून जाऊ शकतो, असे फ्रेंच शास्त्रज्ञ आर्सेन द आर्सोंव्हाल यांनी १८९० नंतरच्या दशकात दाखविले. यातूनच पुढे डायाथर्मी ही पद्धत निघाली. रेडिओ कंप्रतेचे आधुनिक उपचार याच तत्त्वावर आधारलेले आहेत.

चकतीचा शोध व तिच्यावरील उपचार : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत कंबरदुखीचे खापर वात, थंडी किंवा स्नायूंची सूज यांवर फोडले जाई. १९३४ मध्ये अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार यांनी फाटलेल्या चकतीचा भाग मागे सरकून तंत्रिकामूळ दाबतो व त्यामुळे पायात कळ उतरते, हे शस्त्रक्रियेच्या अनुभवावरून सिद्ध केले. त्यानंतर चकतीचा तेवढा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सर्वत्र रूढ झाली. पायातील कळ तिने पुष्कळदा थांबे. परंतु ज्यांना केवळ कंबरेतच वेदना होत असे, त्यांना तिचा उपयोग होत नसे. १९४८ मध्ये स्वीडनमधील क्नूट लिंडब्लोम यांनी चकतीत क्ष-किरणांना अपारदर्शी असे द्रव्य टोचून तिचे चित्र घेण्याची पद्धत काढली. द्रव्य टोचताना रोग्यास नेहमीचीच वेदना जाणवली, तर ती चकती दोषी समजण्यात येऊ लागली. ऑस्ट्रेलियन शल्यचिकित्सक हेन्री क्रॉक यांनी १९७० मध्ये तंत्रिकामुळावर दाब नसतानाही चकतीच्या अंतर्गत बिघाडाने वेदना होऊ शकतात, असे मत मांडले. अशा रोग्यांसाठी दोन मणके एकमेकांस कायमचे जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया हाच तेव्हा मुख्य पर्याय होता.

तो टाळण्याच्या प्रयत्नांतून लहान छेदाच्या वा निव्वळ सुईने करावयाच्या पद्धती निघाल्या. लायमन स्मिथ यांनी १९६४ मध्ये पपईच्या चिकातील कायमोपपेन हे एंझाइम टोचून चकतीचा गाभा विरघळविण्याचा उपचार मानवावर केला. अमेरिकेत त्यास १९८२ मध्ये मान्यता मिळाली. तथापि तीव्र अधिहृषता (ॲलर्जी) व तंत्रिका तंत्रावरील दुष्परिणाम यांमुळे तो मागे पडला व २००३ मध्ये औषधाची विक्री थांबली. जपानमधील हिजिकाता यांनी १९७५ मध्ये त्वचेतून नळी घालून गाभा काढण्याची रीत वर्णन केली. त्याच सुमारास अमेरिकेतील नॉर्मन शीली यांनी मणक्यांच्या मागील लहान सांध्यांकडे जाणाऱ्या तंत्रिका रेडिओ कंप्रतेच्या उष्णतेने निकामी करण्यास प्रारंभ केला. १९८६ मध्ये डॅनियल चॉय व पेटर आशर यांनी ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे लेसर किरणांनी गाभ्याचे बाष्पीभवन करण्याचा प्रयोग केला. अशा रीतीने उष्णता हळूहळू चकतीपर्यंत येऊन पोहोचली.

चकतीच्या वलयाचे तापन : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात काम करणारे जेफ्री साल व जोएल साल या वैद्यक-बंधूंनी १९९० नंतरच्या दशकात नव्या पद्धतीस आकार दिला. खांद्याच्या ढिल्या झालेल्या सांध्याचे आवरण तापवून आखडविण्याचे प्रयोग त्या काळात चालू होते. कोलॅजनाची तिपेडी रचना सु. ६०° ते ६५° से. तापमानास सैल होऊन तंतू आखूड होतात, हे त्यामागील तत्त्व होय. तेच तत्त्व चकतीच्या चिरलेल्या वलयास लावावे, तसेच वलयात शिरलेले वेदनावाहक तंतूही उष्णतेने नष्ट करावेत, अशी ही दुहेरी कल्पना होती. तंत्रिकातंतू ४२° ते ४५° से. एवढ्या तापमानासही निकामी होऊ शकतात.

या उपचारात रोग्यास पालथे झोपवून त्या जागेपुरती भूल देतात. तंत्रिकामुळास धक्का लागून पायात कळ आल्यास ते रोग्याने ताबडतोब सांगावे, यासाठी त्याला जागे ठेवतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत मागच्या व बाजूच्या दिशेने चकतीत पोकळ सुई घालतात आणि तिच्यातून एक लवचिक कॅथेटर आत सरकवितात. त्याच्या टोकाकडील सु. ५ सेंमी. लांबीचा भाग तापतो. हा भाग गाभ्याच्या कडेने वळत जाऊन वलयाच्या मागील बाजूस आतून टेकला पाहिजे. नंतर त्याचे तापमान ६५° से. पासून टप्प्याटप्प्याने ९०° से. पर्यंत नेऊन तेथे सु. चार मिनिटे ठेवतात. सर्व तापनास सु. १७ मिनिटे लागतात. रोगी बहुधा त्याच दिवशी घरी जातो. मात्र त्यापुढे कित्येक आठवडे त्याला वाकणे व वजन उचलणे टाळावे लागते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये या कॅथेटरच्या विक्रीस परवानगी दिली. ही परवानगी आधी बाजारात असलेल्या उपकरणांशी असलेल्या साम्यावर आधारलेली होती. गुणकारकता सिद्ध करणाऱ्या तुलनात्मक चाचणीची अट तीस नव्हती. २००० मध्ये साल बंधूंचे पहिले अहवाल प्रसिद्ध झाले. दीर्घकाळ वेदना सोसलेल्या व इतर उपायांनी बरे न वाटलेल्या बहुसंख्य रोग्यांची वेदना कमी झाल्याचे त्यांत नमूद होते. मोठ्या शस्त्रक्रियेऐवजी अर्ध्या तासाचा सुईचा उपचार हे आकर्षण मोठे होते, त्यामुळे पद्धतीचा प्रसार झपाट्याने झाला. मात्र या अहवालांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्याच वर्षी कारासेक व बोगडक यांनी ३६ उपचारित रोग्यांची तुलना केवळ व्यायामादी उपचार घेतलेल्या १७ रोग्यांशी केली व उपचारित गटास लक्षणीय लाभ झाल्याचे नोंदविले. दुसऱ्या गटातील रोग्यांना विमा कंपन्यांनी या उपचाराचा खर्च नाकारला होता. हवा असलेला उपचार नाकारला गेलेल्या माणसाची मनःस्थिती व तो मिळालेल्या माणसाची आशा यांत फरक पडणारच. म्हणून या तुलनेला मर्यादा होती.

आभासी उपचाराशी तुलना : उपचाराचा खरा परिणाम व आशेचा परिणाम वेगळे करावयाचे झाल्यास रोग्यांचे गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छ रीतीने पाडावे लागतात. एका गटास खरा व दुसऱ्यास हुबेहूब तसाच दिसणारा आभासी उपचार देतात आणि कोणास काय मिळाले हे रोग्यास कळू देत नाहीत. अशा दोन चाचण्या निर्णायक ठरल्या. पहिली केविन पाउझा व सहकारी यांची असून ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सहभागी होण्यास तयार असलेल्या १,३६० व्यक्तींमधून छाननीअंती केवळ ६४ जण पात्र ठरले. खऱ्या उपचाराने आभासी उपचारापेक्षा वेदना अधिक कमी झाली, परंतु तो फरक बेताचाच होता. उपचारितांपैकी सु. ४० टक्के रोग्यांची वेदना निम्म्याहून अधिक घटली, तर सु. ५० टक्क्यांना सांगण्यासारखा लाभ झाला नाही. दुसरी चाचणी ब्रायन फ्रीमन व सहकारी यांनी ऑस्ट्रेलियात केली व ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ५७ रोगी होते. सर्वांच्या चकतीत कॅथेटर घातला. मात्र ३८ जणांत तो तापविला व १९ जणांत थंडच ठेवला. सहा महिन्यांनंतर आधी ठरविलेल्या कसोटीनुसार दोन्ही गटांतील एकही रोगी यशस्वी ठरला नाही व गटांत लक्षणीय फरकही आढळला नाही.

दरम्यान, उपचारामागील तत्त्वावरही शंका निर्माण झाल्या. मृत शरीरांतील चकत्यांवर केलेल्या प्रयोगांत कोलॅजन आखडविण्याइतके तापमान कॅथेटरपासून केवळ एक-दोन मिमी. अंतरापर्यंतच पोहोचत असल्याचे २००१ मध्ये दिसून आले. निदानाचा पायाही डळमळीत होता. स्कॉट बोडेन व सहकारी यांनी १९९० मध्ये कंबरदुखी कधीच न झालेल्या ६७ व्यक्तींची चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाने (एमआरआय) तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी सु. एक-तृतीयांश व्यक्तींच्या कंबरेत ठळक विकृती आढळल्या. चकतीत द्रव्य टोचून करावयाच्या परीक्षेतही काही निरोगी व्यक्तींना वेदना होतात, असे यूजीन कॅरेजी यांनी दाखविले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दहा वर्षांच्या पाहणीनुसार ज्या चकत्यांत अशी सुई घातली गेली, त्यांची झीज अधिक वेगाने झाली. याखेरीज कॅथेटर आत तुटणे, तंत्रिकामुळास इजा, चकतीतील संसर्ग व शेजारील मणक्याच्या हाडाचा मृत्यू अशा विरळ, पण गंभीर उपद्रवांची नोंद झाली.

या सर्वांचा परिणाम म्हणून अमेरिकेतील वृद्धांसाठी असलेल्या शासकीय विमा योजनेने सप्टेंबर २००८ पासून चकतीतील सर्व प्रकारच्या उष्णतोपचारांचा खर्च देणे बंद केले व ही पद्धत वेगाने मागे पडली. खांद्याच्या सांध्याचे आवरण तापविण्याची मूळ पद्धतही, आखडलेले आवरण पुन्हा सैल होत असल्यामुळे, बव्हंशी सोडून देण्यात आली. पाण्याने थंड ठेवलेल्या दोन शलाकांमधून वलय तापविण्याचा सुधारित प्रकार लिओनार्दो कापुराल व सहकारी यांनी आभासी उपचाराशी ताडून पाहिला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ५९ रोग्यांच्या चाचणीत सहा महिन्यांनंतर खऱ्या उपचाराचा लाभ दिसला. दुसरा प्रवाह चकतीकडून मणक्याच्या हाडाकडे वळला. हाडाच्या आतील तंत्रिका उष्णतेने नष्ट करण्याच्या उपकरणास अमेरिकेत २०१६ मध्ये परवानगी मिळाली. २२५ रोग्यांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. प्रत्यक्ष खरा उपचार योग्य रीतीने झालेल्या रोग्यांत लाभ दिसला. परंतु वाटून दिलेले सर्व रोगी हिशेबात धरले असता तीन महिन्यांच्या मुख्य कसोटीवर तो निर्णायक ठरला नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात : रेडिओ कंप्रतेच्या उष्णतेने तंत्रिका निकामी करण्याचे उपचार आता भारतातील मोठ्या शहरांतील वेदनाचिकित्सालयांत उपलब्ध आहेत. गोंदियासारख्या जिल्ह्यातील रोग्यास मात्र अशा उपचारांसाठी बहुधा नागपूर गाठावे लागते. गोंदिया येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले, तर नागपूर येथील महाविद्यालय १९४७ पासून आहे. मजुरी बुडवून व कर्ज काढून घेतलेल्या उपचाराची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. म्हणूनच आभासी उपचाराशी तुलना झाली आहे काय, हा प्रश्न शहरातील विमाधारकापेक्षा धानपट्ट्यातील शेतमजुरास अधिक महत्त्वाचा आहे.

या भागात निदानाच्या दृष्टीने आणखी दोन विकार ध्यानात घ्यावे लागतात. पहिला मणक्यांचा क्षयरोग होय. ताप, वजन घटणे व रात्रीही न थांबणारी कंबरदुखी ही त्याची सूचक लक्षणे असून तो औषधांनी बरा होतो. परंतु शेक व डाग यांत काळ गेल्यास पाठीस कुबड येण्याचा व पाय लुळे पडण्याचा धोका असतो. दुसरा विकार दात्रकोशिका पांडुरोग (सिकल सेल) हा होय. मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाकडे नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये लक्ष वेधले. पूर्व विदर्भात तो बऱ्याच प्रमाणात आढळतो. त्यात हाडांचा रक्तपुरवठा खंडित होऊन कंबरेत तीव्र कळा येतात. कंबरदुखीबरोबर लघवी वा शौचावरील ताबा जाणे किंवा पायातील शक्ती कमी होणे, ही लक्षणे असल्यास तातडीने रुग्णालयात जावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीविषयी डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. विकाराची माहिती देणे, व्यायाम, काही शारीरिक व मानसोपचार आणि दाहशामक औषधे यांची शिफारस त्यांत आहे. कंबरपट्टा, कर्षण (ताण देणे) व श्रवणातीत ध्वनीचे उपचार नित्य वापरू नयेत, असे सांगितले आहे. यांपैकी शेवटचा उपचार खोलवर उष्णता पोहोचविण्यासाठीच अनेक दशके योजिला जात असे. चकतीचे वलय तापविण्याची पद्धत आज काटेकोरपणे निवडलेल्या थोड्या रोग्यांपुरती उरली आहे. उष्णतेने बरे वाटते, हा अनुभव फार जुना आहे. ती शरीरात किती खोल न्यावी व कोणासाठी, याचे उत्तर मात्र तिच्यावाचून बरे वाटलेल्यांची मोजदाद केल्याशिवाय मिळत नाही.